जुना कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

माझ्या दाजींचं विट्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर २०१४ साली घेतलेला, चौथ्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. ऐन स्कॉलरशिपचे फॉर्म भरायच्या दिवसांत तो असा काही अडायला लागला की फोटो अपलोडवर क्लिक केलं की गोल चक्र फिरत राहायचं, मग स्क्रीन पांढरी, मग वर 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि बाकावर बसलेली पोरं दाजींच्या तोंडाकडे बघत बसायची. त्याआधी दोन वर्षांत तीन वेळा फॉरमॅट मारून झाला होता. दर वेळी आठ-पंधरा दिवस बरा चालायचा, परत पहिले पाढे पंचावन्न. चौथ्यांदा दुरुस्तीवाला म्हणाला मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या.

मदरबोर्डला काहीच झालं नव्हतं. हार्ड डिस्क मरायला टेकली होती आणि प्रोसेसरच्या पंख्यावर अकरा वर्षांची धूळ बसली होती, बास. पण ते कुणी बघितलंच नव्हतं. कॉम्प्युटर स्लो झाला की फॉरमॅट मारा हे आपल्याकडे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी यातलं प्रकरण आहे, आणि खराब डिस्कवर फॉरमॅट मारला तर आहे तो डेटाही जातो. म्हणून खाली मी ज्या क्रमाने बघतो तसंच लिहितोय, बहुतेक सगळं फुकटात होतं आणि पैसे अगदी शेवटी लागतात.

हँग म्हणजे नक्की काय होतंय?

'हँग होतो' या एका शब्दात चार वेगळी दुखणी असतात. एक, माऊस हलतोय पण प्रोग्रॅम उघडायला मिनिट मिनिट लागतंय. दोन, चालता चालता दहा-वीस सेकंद सगळं थिजतं आणि मग केलेले सगळे क्लिक एकदम अंगावर येतात. तीन, पूर्ण गार पडतो, बटण दाबून धरून बंद करण्याशिवाय इलाज नाही. चार, आपोआप रिस्टार्ट होतो किंवा फाटकन बंद पडतो.

पहिल्यात रॅम, डिस्क किंवा बॅकग्राउंडला चाललेला काहीतरी पसारा. दुसऱ्यात नव्वद टक्के वेळा हार्ड डिस्क, हा माझा अनुभव. तिसऱ्यात रॅम, ड्रायव्हर, मदरबोर्ड. चौथ्यात गरमी किंवा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा.

दुसरा आणि तिसरा वेगळा ओळखायची सोपी युक्ती, स्क्रीन थिजली की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे आत विंडोज जिवंत आहे, कशाची तरी वाट बघत अडकलंय, पाच मिनिटं थांबा. दिवा ढिम्म हलत नसेल तर मशीनच गारठलंय, मग थांबण्यात अर्थ नाही.

आणि हो, सगळ्यात आधी एकदा 'रिस्टार्ट' करा. शट डाउन नाही, रिस्टार्टच. विंडोज १० मधे फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असते, त्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणजे तुम्ही रोज रात्री बंद करत असलात तरी आतलं विंडोज महिना महिना झोपून उठतच असतं. दाजींच्या मशीनवर टास्क मॅनेजरमधला अप टाइम २३ दिवस दाखवत होता आणि दाजी शपथेवर सांगत होते की मी रोज बंद करून घरी जातो.

डेटा आधी, बाकी सगळं नंतर

कॉम्प्युटर चालू होतोय तोवर महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. हे उद्यावर टाकू नका, कारण मरणारी डिस्क सांगून मरत नाही. एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि सगळा सी ड्राइव्ह एकदम ओढत बसू नका, आधी जे परत मिळणारच नाही ते काढा, घरचे फोटो, हिशोबाच्या एक्सेल फाइली, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड. सिनेमे गेले तर गेले.

आपल्याकडे विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जुने मराठी फॉन्ट. पत्रिका, निवेदनं, ठराव वगैरे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधे टाइप केलेले असतील तर विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून ठेवा, नाहीतर नवीन विंडोजवर फाइल उघडेल पण आत सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल आणि तुम्हाला वाटेल फाइलच खराब झाली.

टास्क मॅनेजर नीट वाचा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. छोटीशी खिडकी आली तर खाली 'मोर डिटेल्स'. पण कॉम्प्युटर चालू झाल्या झाल्या बघू नका, तेव्हा प्रत्येकाचा गोंधळ असतो, दहा मिनिटं जाऊ दे, कुठलाही प्रोग्रॅम उघडू नका आणि मग परफॉर्मन्सच्या टॅबवर जा.

तीन आकडे, सीपीयू, मेमरी, डिस्क. काही न करता डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसली तर लगेच डिस्कवर आळ घेऊ नका, आधी मेमरी बघा. मेमरी ८५-९० टक्के भरली असेल तर विंडोज जागा नाही म्हणून रॅममधलं सामान डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागलं की परत आणतं, त्या ये-जा मधे डिस्क दमते, म्हणजे दुखणं रॅमचं आणि घाम डिस्कला. पण मेमरी निम्मीच भरलीये आणि तरी डिस्क १०० वर आहे, तर डिस्कवर क्लिक करून खाली दोन गोष्टी बघा, रीड-राइटचा वेग आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. धडधाकट हार्ड डिस्कचा रिस्पॉन्स टाइम साधारण १०-२० मिलिसेकंद असतो, कामात असली की वाढतो. दाजींच्या डिस्कवर वेग होता ३०० केबी आणि रिस्पॉन्स टाइम ४,००० मिलिसेकंदाच्या वर. म्हणजे एक तुकडा वाचायला चार सेकंद! दुकानात पोरं का खोळंबतात ते त्या एका ओळीत कळलं.

सीपीयू १०० वर असेल तर प्रोसेसेसमधे सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करा, खाणारा वर येतो. अँटीव्हायरस स्कॅन किंवा विंडोज अपडेट असेल तर तासभर करू द्या, मधे मारू नका. ओळखीचं नसलेलं काहीतरी रोज ८०-९० टक्के खातंय आणि मशीनवर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आहेत, तर फुकट मिळालेल्या त्या क्रॅकबरोबर तुमच्या मशीनवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोची नाणी खोदणारा पाहुणाही आलाय असं समजा. मग विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा.

अजून एक, सीपीयूच्या पानावर 'स्पीड' दिसतो. काम चालू असताना तो ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपासच अडकून असेल तर प्रोसेसरला कुणीतरी लगाम घातलाय. डेस्कटॉपमधे बहुतेक गरमी, लॅपटॉपमधे बऱ्याचदा चार्जर. काही लॅपटॉप ओरिजिनल चार्जर ओळखला नाही की मुद्दाम वेग पाडतात, आणि माणूस बिचारा विंडोज बदलत बसतो.

हार्ड डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की डिस्क स्वतःबद्दल काय म्हणते ते कळतं. वर 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' लिहिलेलं असतं, पण त्यावर न थांबता खालच्या यादीत जा. ०५ नंबरच्या ओळीत खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे), सी५ मधे वाचता येत नाहीयेत आणि निर्णय बाकी आहे असे सेक्टर, सी६ मधे हाताबाहेर गेलेले. तिन्हीच्या शेवटच्या कॉलममधे सगळी शून्यं हवीत. शेवटचा कॉलम हेक्समधे असतो म्हणून ३० दिसलं तर ते आपले ४८ असतात. दाजींच्या सी५ ला तेच होते, ४८. एवढे अठ्ठेचाळीस तुकडे अख्खा कॉम्प्युटर अडवायला पुरतात कारण डिस्क त्यांच्यापाशी आली की वाचायचा परत परत प्रयत्न करत बसते आणि विंडोज तोंड उघडं ठेवून उभं राहतं. फॉरमॅट मारल्यावर थोडे दिवस बरं का वाटायचं तेही इथेच कळतं, फाइली डिस्कवर दुसरीकडे जाऊन बसायच्या, परत खराब जागेवर येईपर्यंत ठीक.

सी७ ची ओळख मात्र वेगळी आहे. तिथला आकडा वाढतोय आणि बाकी सगळं शून्य आहे तर डिस्क नाही, तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदला, शंभरेक रुपयांत काम होतं. आणि पहिल्याच ओळीत रीड एरर रेटसमोर भलामोठा आकडा दिसला तर घाबरू नका, काही कंपन्यांच्या डिस्कमधे तो तसाच असतो.

खात्रीसाठी इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समधे सिस्टिम. तिथे 'डिस्क' नावाने ७ किंवा १५३ नंबरच्या नोंदी ओळीने दिसल्या तर शंका उरत नाही, ७ म्हणजे बॅड ब्लॉक आणि १५३ म्हणजे काम जमलं नाही म्हणून परत करून बघितलं. कर्नल पॉवर ४१ दिसली तर ती कारण नव्हे, फक्त 'मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो' एवढीच तक्रार आहे, लोक उगाच तीच शोधत बसतात.

आकडे वाईट असतील तर चेकडिस्कचं लांबलचक सेक्टर स्कॅन लावू नका, डीफ्रॅग तर मुळीच नको. आजारी माणसाला पळायला लावल्यासारखं आहे ते. डेटा काढा आणि डिस्क बदला. आतून टक-टक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

झाकण उघडा

डिस्क चांगली निघाली तरी हे कराच. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आणि डबा गच्चीवर किंवा अंगणात न्या. घरात उघडू नका, बायको/आई जे बोलेल त्याला मी जबाबदार नाही. नाकाला रुमाल बांधा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भिंगरीसारखा फिरू दिला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्टॅटिक तयार होतं. एसएमपीएसचा डबा कधीही खोलायचा नाही, बाहेरूनच हवा मारा.

खरी धूळ पंख्यावर नसते, पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत असते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, खाली अक्षरशः गोधडी विणलेली असते, दाजींच्यातून तर मेलेली पालही निघाली. पंखा न काढता साफ होत नसेल तर इंटेलच्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार पिना असतात, प्रत्येकीवर बाण असतो त्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढायच्या. एकदा उचललात की जुनी थर्मल पेस्ट स्पिरिटने पुसून नवीन लावावीच लागते, तुरीच्या दाण्याएवढी मधोमध, पोळीला तूप लावल्यासारखी चोपडू नका. परत बसवताना पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबत जा आणि 'टक' ऐकू आलं पाहिजे, एक जरी पिन अर्धवट राहिली तर आधीपेक्षा जास्त तापेल.

उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे छोटे डबीसारखे कपॅसिटर बघा. डोकी सपाट हवीत, पुरीसारखी फुगली असतील किंवा तपकिरी चिकट काही दिसत असेल तर तिसऱ्या-चौथ्या प्रकारच्या हँगचं कारण सापडलं, आणि तेव्हा मात्र मदरबोर्ड गेला म्हणणारा खरा.

तापमान बघायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर. रिकामा असताना ४०-५०, कामात ८० च्या आत असेल तर छान. ९० च्या वर जात असेल तर लवकरच प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. आमच्याकडे ९४ वरून ६८ वर आलं, खर्च पेस्टचा तेवढा.

रॅम

पट्ट्या काढा, सोनेरी टोकांवर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कीस झटका, परत बसवा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप लागेपर्यंत. हा उपाय हास्यास्पद वाटतो पण दमट हवेत टोकांवर थर बसतो आणि कोकणात तर पावसाळ्यानंतर माझा हा पहिला उपाय असतो. मग स्टार्टमधे 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. एरर आला तर एकेक पट्टी लावून चालवा, खराब कुठली ते कळेल.

रॅम वाढवायची तर २०१३-१४ च्या मशीनला डीडीआर३ लागते, डीडीआर४ बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. जुनी पट्टी खिशात टाकून दुकानात न्या. आणि विंडोज ३२ बिटचं नाही ना बघा, ३२ बिटवर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम वाया जाते.

सॉफ्टवेअरचा पसारा

हे थोडक्यात, कारण सगळीकडे लिहिलेलं असतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून नको ते डिसेबल करा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, दोघं एकमेकांच्याच मागे लागतात, मला विचाराल तर साध्या वापराला विंडोजचा डिफेंडर पुरतो. सी ड्राइव्हमधे १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा, सेटिंग्जमधे स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, पण त्या यादीत 'डाउनलोड्स' पण असतं, तिथे टिक करू नका, लोकांचे आधार कार्डाचे स्कॅन तिथेच पडलेले असतात. क्रोममधे शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब किती खातो ते दिसतं. 'पीसी एका क्लिकमधे फास्ट करा', 'ड्रायव्हर अपडेट करा' असली सॉफ्टवेअर टाकू नका, असतील तर आधी तीच काढा.

एवढं करूनही पूर्ण गार पडत असेल तर शिफ्ट दाबून रिस्टार्टवर क्लिक करा आणि सेफ मोडमधे तासभर चालवून बघा. सेफ मोडमधे नीट चालला तर ड्रायव्हर किंवा एखादा प्रोग्रॅम, तिथेही अडला तर हार्डवेअर. अजून पक्कं करायचं तर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या, हार्ड डिस्कची केबल काढा आणि पेन ड्राइव्हवरून चालू करा. काही इन्स्टॉल न करता चालतं. त्याच्यावर दोन तास यूट्यूब नीट चाललं तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर सुटले, आरोपी म्हणजे डिस्क नाहीतर विंडोज.

एसएसडी टाकणे

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क. जुन्या मशीनवर एकदाच पैसे घालायचे असतील तर इथे घाला. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास, पण खरी गंमत त्या आकड्यात नाही, बारीक बारीक हजारो फाइली शोधायला हार्ड डिस्कच्या सुईला दर वेळी हलावं लागतं, एसएसडीत हलणारं काही नाहीच. म्हणून अगदी जुन्या साटा २ बोर्डावर वेग निम्मा मिळाला तरी फरक डोळ्याला दिसतो. २४० किंवा २५६ जीबीची, नाव ऐकलेल्या कंपनीची, बिलासकट घ्या. ऑनलाइन कवडीमोल भावात २ टीबी दिसली तर ती घेऊ नका.

डेस्कटॉपमधे बसवायला स्क्रू नसेल तर दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते. बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमधे, साटा मोड एएचसीआय करा. जुनी डिस्क आजारी असेल तर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करू नका, बिघडलेल्या फाइलीही तशाच कॉपी होतात, नवीन विंडोज टाका. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, तेच एडिशन टाकलं की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिवेट होतं, नवीन लायसन्स की विकत घ्यायला लावणाऱ्याचं ऐकू नका. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटची फाइल तिच्यावर जाऊन बसते आणि पुढे ती काढली की विंडोजच चालू होत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, चौथी जनरेशन त्यात बसत नाही. जुगाड करून टाकता येतं पण दुकानाच्या मशीनवर मी टाकणार नाही. फक्त ब्राउझर आणि टायपिंग असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीवर सुखाने चालते आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. दाजींना ते जमलं नसतं, कारण त्यांची सहीची डोंगल आणि जुना प्रिंटर विंडोजवरच चालतो. लिनक्स टाकण्याआधी तुमचा स्कॅनर, डोंगल, प्रिंटर त्यावर चालतात का बघा.

आमच्याकडे एसएसडी आणि ४ जीबीची अजून एक पट्टी टाकली. पाच मिनिटांचं चालू होणं अर्ध्या मिनिटावर आलं. दाजी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "अरे, सरकारी साईट एकपण उघडंना, सगळीकडं कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणतंय." मी म्हटलं खाली कोपऱ्यात तारीख बघा. १ जानेवारी २०१३. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा गोल सेल संपला होता, रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ मागे जायचं, आणि तारीख चुकली की साईटची सर्टिफिकेटं खोटी ठरतात. घड्याळवाल्याकडून सेल आणून टाकायला पाच मिनिटं लागली. फक्त सेल काढला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, तेव्हा तारीख लावतानाच साटा मोड परत एएचसीआय आहे ना तेवढं बघून घ्या, नाहीतर निळी स्क्रीन येईल आणि परत कुणीतरी म्हणेल, फॉरमॅट मारा.